समासातला तांबडा ठिपका

ता. ३ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वाढदिवस नाही, आनंदाची बातमी नाही, आणि तरी माझं जाडजूड पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखशील. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही. तू आपली मोठ्यानं हो हो करत राहतेस आणि मी तापाचं सांगत असले तर माझं अभिनंदन करतेस. शिवाय माझा फोन गेले पाच दिवस बंद करून कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवलाय. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र.

मागच्या गुरुवारी नववीच्या वर्गात फळ्यावर मी एक सोपं गणित चुकले. एवढंच असतं तर तुला लिहिलंही नसतं. पण वर्गातल्या कुणीतरी बाकाखाली फोन धरून ते टिपलं. एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. शनिवारपर्यंत तो शाळाभर फिरला आणि सोमवारपर्यंत कुठे कुठे फिरला ते मोजायचं मी सोडून दिलं. कुणी त्याला सर्कशीचा बँड जोडलाय. कुणी माझा चेहरा मोठा करून वर गाढवाचे कान काढलेत. एक प्रसिद्ध ऑनलाइन सर आहेत, मागे निळा दिवा लावून शिकवतात. ते माझ्या एकोणीस सेकंदांवर अकरा मिनिटं बोलले. शेवटी हात जोडून म्हणाले की आपली मुलं अशा लोकांच्या हाती आहेत. काल औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मी डोकेदुखीची गोळी न घेताच परत आले.

आत्या, हसतात याचं दुःख आहेच, नाही कशाला म्हणू. पण त्याहून वाईट म्हणजे मला ते खरं वाटतं. मी मूळची भाषेची. गणिताच्या बाई रजेवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि तुझी भाची म्हणून मुख्याध्यापिकांनी तो विषय माझ्या गळ्यात मारला. त्या सुट्टीत तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी तुझी चौतीस वर्षांची गणिताची वही उतरवून घेतली आणि सहा वर्षं तिच्यावर निभावलं. मध्ये दोन वर्षं मी फोनवर छोटे छोटे धडे टाकत होते, लोक वाहवा करायचे, किती सोपं करून सांगता म्हणायचे. तेव्हाही मला चोरी केल्यासारखं वाटायचं. ती वाहवा खरं तर तुझ्या पत्त्यावर पाठवायला हवी होती. आता एवढंच झालं की चोर सापडला.

मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. पण पुढच्या सत्रात राहणार की नाही हे एकतीस ऑक्टोबरपर्यंत लिहून दे म्हणाल्यात. मला वाटतं, मी सोडावं. बाबांना अजून काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस.

पायांची सूज कशी आहे ते लिही. तुझी माया आहे तोवर माझं बरं चालेल म्हणते.

तुझी,
भिंगरी


ता. ११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. एकदा चष्म्यानं वाचलं आणि एकदा भिंगानं, कारण तुझं अक्षर रडताना बारीक होतं. लहानपणीही तुझं असंच होतं. पडलीस की गुडघा आधी झाकायचीस आणि मग रडायचीस.

त्या निळ्या दिव्याच्या सरांचं काय घेऊन बसलीस. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यांच्यासमोर चाळीस मुलं बसलेली नसतात, एकाला शिंक येत नाही, दुसरा खिडकीबाहेर बघत नाही. चुकले तर पुसून पुन्हा बोलतात आणि मगच आपल्याला दाखवतात. फळ्यासमोर उभं राहणाऱ्याला ती सोय नाही. एकोणीस सेकंदांत माणूस कळत असता तर आम्ही सगळ्यांनी लग्नं चांगली केली असती. (मी केलंच नाही, ही गोष्ट वेगळी.)

माझं म्हणशील तर पाय आता खांबासारखे झालेत. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी माझं मीठ तोडलंय. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी बाई अजून ड्यूटीवर असल्यासारख्या जिना चढून येतात, नाडी बघतात आणि माझं ताट हुंगतात. त्यांच्याशी भांडायला मजा येते, कारण त्या ओरडतात तेवढंच मला नीट ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. तू चार पानं लिहिलीस, गाढवाच्या कानांपर्यंत सगळं सांगितलंस, पण गणित कोणतं चुकलीस ते लिहिलं नाहीस. ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? चौतीस वर्षं मी चुका तपासून जेवले. मला गणित कळव, आणि तू उतरवून घेतलेली ती वही पार्सलानं पाठव. राजीनाम्याचं त्यानंतर बघू. बाबाला मी काही सांगत नाही. त्याला सांगितलं तर तो रेल्वेनं तिकडे येईल आणि त्या सरांना शोधत बसेल.

इथे सगळं ठीक. वेळेवर जेव. तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझी,
आत्या


ता. २० सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वही सोबत पाठवते आहे. काही ठिकाणी तुला न विचारता मी पेन्सिलीनं खाडाखोड केली आहे. त्याबद्दल रागावू नकोस. मला तिथे आकडे जुळत नव्हते आणि तुला विचारायचा धीर झाला नाही, कारण तुझ्या वहीत चूक कशी असेल? माझीच समजण्यात गफलत असेल म्हणून पेन्सिलीनं केलं, पुसता यावं इतक्या हलक्या हातानं.

गणित कोणतं ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता विचारतेसच तर सांगते. एक माणूस जाताना ताशी चाळीसच्या वेगानं जातो, त्याच रस्त्यानं येताना ताशी साठच्या वेगानं येतो, तर सरासरी वेग किती. मी पन्नास लिहिलं. चाळीस आणि साठची बेरीज शंभर, निम्मे पन्नास. वहीत तसंच आहे, पान बावीस. पण तू रागावू नकोस, मी उतरवतानाच काहीतरी गाळलं असणार. तुझ्या मूळ वहीत बरोबरच असेल.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती मी कुणालाच सांगितलेली नाही. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. जूनपासून एकदाही तिनं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी तिनं हात वर केला. म्हणाली, अंतर एकशेवीस धरलं तर जायला तीन तास लागतात, यायला दोन, म्हणजे पाच तासांत दोनशे चाळीस, म्हणजे अठ्ठेचाळीस. इतकं स्वच्छ सांगितलं तिनं. आणि मी काय केलं? मी तिच्याकडे पाहिलंही नाही. खाली बस म्हणाले, फळ्यावर आहे तसं उतरवून घे म्हणाले. कारण तुझ्या वहीत पन्नास होतं, आणि माझ्या डोक्यापेक्षा माझा तुझ्या वहीवर विश्वास होता.

त्या एकोणीस सेकंदांत हेच आहे. तिचा आवाज आणि माझं खाली बस. लोक मला हसतात ते माझ्या कर्माचं. पण तिलाही त्यांनी सोडलं नाही. तिला वाघीण म्हणतात, हुशार म्हणतात, तिच्यावर शाबासक्यांचा पाऊस पाडतात, आणि ती त्या ओझ्याखाली वाकत चाललीय. वर्गातली निम्मी मुलं तिच्याशी बोलत नाहीत, बाईंना अडचणीत आणलं म्हणून. ती आता आपणहून शेवटच्या बाकावर जाऊन बसते. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते. मी वर्गात शिरले की मला फळा दिसत नाही, तीच दिसते. तिची माफी मागावी असं रोज ठरवते आणि रोज नुसती तारीख लिहून फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

चूक होणं आणि चूक झाकायला मुलीला खाली बसवणं, यातलं दुसरं जो करतो तो शिक्षक नसतोच. हे मला त्या सरांनी सांगायला नको.

नर्सबाईंचं ऐकत जा. मीठ चोरून खाऊ नकोस. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, एवढं मागते.

तुझी,
भिंगरी


ता. ९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. नर्सबाईंना वाटलं दुखण्यानं उचल खाल्ली, तर तेही थोडं झालं, दम लागतो, पण ते कारण नव्हे. मला लाज वाटत होती.

तू काही गाळलं नाहीस. माझ्या मूळ वहीतही पान बावीसवर पन्नासच आहे. फक्त त्याच्या शेजारी समासात एक तांबडा ठिपका आहे, पेन्सिलीचा. तू त्या सुट्टीत मला विचारलं होतंस, हे ठिपके कसले. मी म्हणाले, पेन्सिल पडली असेल. तू नीटनेटकी मुलगी, डाग कशाला उतरवायचे म्हणून सोडून दिलेस. ते डाग नव्हते. जिथे ठिपका तिथे मी मुद्दाम चूक करून ठेवलेली आहे. प्रत्येक धड्यात एक. मुलांनी ती पकडावी म्हणून. मला स्वतःला आठवण राहावी म्हणून ठिपका.

हे तुला तेव्हाच का सांगितलं नाही? कारण ठिपका कशासाठी हे सांगितलं असतं तर पहिला ठिपका कसा आला हेही सांगावं लागलं असतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या बाबालासुद्धा नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. वय चोवीस. वर्गात मागे तपासनीस येऊन बसले होते, मांडीवर वही उघडून. मी हेच गणित घेतलं, जाताना चाळीस, येताना साठ, आणि पन्नास लिहिलं. मुद्दाम नव्हे. खरोखर चुकले. दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती, अंगठ्याला सदा शाई लागलेली. ती उभी राहिली आणि तुझ्या वर्गातल्या मुलीनं सांगितलं तेच तिनं सांगितलं. अठ्ठेचाळीस. मी तिला म्हणाले, फार शहाणपणा करू नकोस, खाली बस. तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिलं. शिक्षकखोलीत येऊन मी कागदावर करून पाहिलं. अठ्ठेचाळीसच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि हसत म्हणाले की काल मी मुद्दाम चुकले होते, कोण जागं आहे ते बघायला. त्या मुलीसाठी वर्गाला टाळ्या द्यायला लावल्या. सगळ्यांनी दिल्या. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला ठाऊक होतं, भिंगरी. मोठी माणसं फसतात, मुलं फसत नाहीत. त्यानंतर वर्षभर तिनं हात वर केला नाही.

मग मी खरोखरच मुद्दाम चुकायला लागले. आधी वाटलं, तेवढ्यानं माझं खोटं खरं होईल. मग वाटलं, कधीतरी ती हात वर करील. तिनं केला नाही, दुसऱ्यांनी केला. पुढे माझं नावच झालं त्याबद्दल, या बाई मुद्दाम चुकतात आणि मुलांना विचार करायला शिकवतात. निवृत्तीच्या दिवशी सगळी भाषणं त्याच्यावर झाली. मी मान खाली घालून बसले होते, लोकांना वाटलं विनय आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ मी जन्मभर आवळून बसले. तू तुझी वाहवा माझ्या पत्त्यावर पाठवायची म्हणतेस. मग माझी मी कुठल्या पत्त्यावर पाठवू? त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही.

आता तुझी वही. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पानंपान ताडून पाहिलं, तीन दिवस लागले. माझे ठिपके एकतीस. त्यांतल्या सत्तावीस जागा तू कुणी न सांगता पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आहेस. ज्याला विषय येत नाही त्याला अशी चूक दिसत नाही, दिसली तरी तो ती दुरुस्त करत नाही. चार राहिल्या, तेव्हा शेफारू नकोस. पण तू माझी वही वाचून दाखवत नव्हतीस. तू माझी वही तपासत होतीस, फक्त स्वतःला सांगत नव्हतीस.

एक काम सांगते, माझ्या हातून झालं नाही ते. वर्गात जा आणि खरं काय ते बोल. मुद्दाम नव्हतं म्हण, मी चुकले म्हण, ती बरोबर होती म्हण. तिचं पुढे काय होईल ते माझ्या तुझ्या हातात नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, हे मी इतक्या उशिरा शिकले, तू तरी लवकर शीक.

माझ्यावर रागावशील. रागाव. मात्र लिहायचं बंद करू नकोस.

तुझी,
आत्या


ता. १७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. रागाव म्हणतेस, तर रागावलेच आहे.

मला ती दुपार चांगली आठवते. तू ओट्याशी उभी होतीस, माझ्याकडे पाठ करून. मी विचारलं आणि तू पाठ न वळवता म्हणालीस की पेन्सिल पडली असेल. एक वाक्य होतं, आत्या. खरं कारण नसतं सांगितलंस तरी चाललं असतं, इथे चूक आहे एवढं म्हणाली असतीस तरी पुरे होतं. त्या एका वाक्यासाठी मी सहा वर्षं स्वतःला ठोंब समजत आले. जिथे जिथे आकडा जुळला नाही तिथे मी म्हटलं, बरोबर आहे, मला कसं कळणार, मी काय खरी गणिताची. घाबरत घाबरत पेन्सिलीनं लिहायची. आणि ती माझ्या वर्गातली मुलगी, ती खाली बसली ती तुझी लाज झाकली जावी म्हणून.

सत्तावीस जागा सांगून तू माझी समजूत काढतेस. मला समजूत नको आहे. जिथे कुणीतरी माझ्या भरवशावर उभं राहिलं होतं, नेमकी तीच जागा मी चुकले.

तू सांगतेस तसं वर्गात बोलायला लागतं ते धैर्य माझ्यात नाही. तुझ्यातही नव्हतं. घराण्यातच नसेल. मी राजीनामा लिहिला आहे, एकतीस तारखेला देणार आहे. मी शिक्षिका नाही आणि कधी नव्हते.

औषधं वेळेवर घे. कळावे.

भिंगरी


ता. १४ नोव्हेंबर

भिंगरीताईंस,
स. न. वि. वि.

पाकिटावरचं तुमचं पूर्ण नाव मला परकं वाटतं. तुमच्या आत्याबाई उठता बसता भिंगरी म्हणत, तेच लिहिते, राग मानू नका. मी खालच्या मजल्यावरची नर्स. तुम्ही आलात तेव्हा आपली भेट झाली, पण त्या गर्दीत आणि रडारडीत दोन शब्द धड बोलता आले नाहीत. तुमचे वडील जिन्यातच बसून राहिले होते, त्यांनाच सांभाळण्यात माझा वेळ गेला.

माझ्या हातून एक चूक झाली आहे. आत्याबाईंची दवाखान्याची पिशवी मी धुवायला म्हणून काल रिकामी केली, तर तळाशी तुमचं पत्र निघालं. ते परत टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मी पिशवीत ठेवलं आणि पुढच्या धावपळीत विसरले. चाळीस वर्षं नोकरी केली, एक गोळी कधी चुकवली नाही, आणि हे चुकले. आता या पत्रासोबत पाठवते आहे. क्षमा करा.

घडलं ते सांगते. दम वाढला म्हणून त्यांना दोनच दिवस आधी दाखल केलं होतं. बावीस ऑक्टोबरला दुपारी मी तुमचं पत्र घेऊन दवाखान्यात गेले. त्यांनी ते उशीला टेकून वाचलं, दोनदा वाचलं. मी विचारलं, वाईट बातमी आहे का. मान हलवून नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या की मुलगी पहिल्यांदाच माझ्याशी भांडली आहे, आणि भांडली ते बरोबर भांडली आहे. मग मला पिशवीतून तांबडी पेन्सिल काढायला लावली. उत्तर लिहिणार असं वाटून मी कागद पुढे केला, तर कागद नको म्हणाल्या. तुमच्याच पत्रावर कडेला एक ठिपका दिला आणि पत्र माझ्या हातात ठेवलं. हे तिला परत पाठवा म्हणाल्या, ती समजेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला त्या गेल्या. शेवटी त्रास झाला नाही. मी जवळ होते.

परक्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण ठिपका कुठे आहे ते मी पाहिलं. शेवटून तिसऱ्या ओळीशी आहे, मी शिक्षिका नाही आणि कधी नव्हते असं जिथे तुम्ही लिहिलंय, तिच्या बरोबर समोर. आधी वाटलं, हात थरथरून पडला असेल. पण आजाऱ्यांचे कापरे हात मी जन्मभर पाहिले. हा ठिपका नीट बसलेला आहे. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलं होतं.

मला अर्थ लागला नाही. तुम्हाला लागला तर कळवा. नाही कळवलंत तरी तुमच्याबद्दल मनात काही येणार नाही.

आपली,
खालची नर्स


ता. ३० नोव्हेंबर

ती. नर्सबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळून दहा दिवस झाले. आधीच लिहायला हवं होतं, पण रोज तो कागद काढायचे, बघायचे आणि घडी घालून ठेवायचे. तुम्ही चुकलात असं म्हणू नका. ते पत्र वेळेवर आलं असतं तर कदाचित मी ते तसंच आत सारून ठेवलं असतं.

अर्थ विचारलात. आत्या जिथे चूक असेल तिथे समासात तांबडा ठिपका द्यायची. एवढाच अर्थ आहे. हे तिनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि त्यावर मी तिला जे पत्र लिहिलं ते तुम्ही परत पाठवलंत. मी तिला लिहिलेलं ते शेवटचं. खाली लोभ असू दे असंसुद्धा मी लिहिलेलं नाही. नर्सबाई, मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते कमी होईल असं वाटत नाही.

राजीनामा मी दिला होता. सत्र संपेपर्यंत शिकवायचं आणि जायचं, असं ठरलं होतं. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांकडून तो परत मागून घेतला. त्यांनी तो पुढे पाठवलाच नव्हता, टेबलाच्या खणात ठेवला होता. मग नववीच्या वर्गात गेले. पान बावीसचं गणित फळ्यावर पुन्हा मांडलं आणि सांगितलं की त्या दिवशी मी चुकले. मुद्दाम नाही, खरंच चुकले. शेवटच्या बाकावरच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं आणि मी तिला खाली बसवलं, तेही चुकले. मी फळ्याला टेकून उभी होते, पाठीला सगळा खडू लागला. वर्गात कुणी हसलं नाही. कुणी फोन काढला असेल तर काढू दे. तो आधीचा व्हिडिओही अजून फिरतो आहे, मी त्याच्याकडे बघत नाही.

ती मुलगी खाली मान घालून वहीत रेघा ओढत राहिली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, आत्याच्या वर्गातल्या त्या मुलीसारखीच हीसुद्धा हातची गेली.

आज मी फळ्यावर एक उदाहरण सोडवत होते. आज आत्याचा वाढदिवस असतो. माझं लक्ष नव्हतं. सात अठ्ठे चोपन्न लिहून मी पुढे गेले. मागे एक बाक करकरला. वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर तिचा हात वर होता. पुरता नाही, कोपर बाकावरच टेकलेलं, नुसता पंजा वर. मी तिला विचारलं. ती छप्पन्न म्हणाली, जेमतेम ऐकू येईल इतकं. मी म्हणाले की बरोबर, चूक माझी. आणि पुसून छप्पन्न लिहिलं. एवढंच झालं. बाकीच्या मुलांना तर काही घडलं असं वाटलंही नसेल.

घरी आले ती चपला न काढताच लिहायला बसले. आत्याला हे कधी सांगते असं झालं होतं. पाकीट घेतलं, तिचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तिसरा मजला लिहिलं, आणि मग हात थांबला. हातात दुसरं पाकीट नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते टाकून देववलं नाही. म्हणून वरचं नाव खोडून तुमचं घातलंय आणि तिसऱ्याचा दुसरा मजला केलाय. पाकिटावरची खाडाखोड ती ही. पत्ता बाकी तोच आहे.

तिच्या वाटणीचा लोभ आता तुम्हीच ठेवा, ही हात जोडून विनंती.

तुमची,
भिंगरी